फोन खरा होता, ताई

वृंदाताई,

तुझ्या शोकसभेत मोठे साहेब बोलायला उभे राहिले. घसा खाकरला, टाय सरळ केला आणि म्हणाले, "वृंदा मॅडम म्हणजे... अं... आपल्यातल्याच एक होत्या." मी सवयीने डावीकडे वळलो. साहेबांचं ते 'अं' मला किती झकास जमतं तुला माहितीये. नाकातून सोडायचं आणि छताकडे बघायचं. तुला हळूच काढून दाखवणार होतो. तर डावीकडे पाटकर. गेटवरच्या केबिनमध्ये फोन घेतो तो आपला पाटकर, रुमालात तोंड खुपसून बसलेला. मी परत पुढे बघायला लागलो.

सभा कँटीनमध्येच घेतली. तुझा फोटो डीप फ्रीजरवर ठेवला होता आणि मागे भिंतीवर आपल्या मोदकांची जाहिरात, 'बारा महिने ताजे'. कोणाच्या लक्षात नाही आलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेल्यांनो, माका पण फ्रीजरात घातलात काय?" मला हसू आलं. खरंच आलं, ताई. ते दाबताना तोंडातून जे काय निघालं त्याला सगळे हुंदका समजले. एचआरच्या मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तुझं शिक्षण काय, सेफ्टी ऑफिसर म्हणून किती वर्षं, कुठली कुठली सर्टिफिकेटं, हे सगळं त्यांनी वाचून दाखवलं. मी ते लिहिणार नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यात टाकून गेलीस तू.

मी लांज्याहून मुलुंडला आलो तेव्हा डिस्पॅचला होतो. गोठवलेल्या पराठ्यांच्या खोक्यांवर लेबलं चिकटवायचो. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात स्पीकरवरून अर्धी सुट्टी जाहीर केली होती, तेवढंच काय ते माझं शिक्षण. इथे आल्यावर मोठ्या साहेबांचा आवाज उचलला आणि एकदा इंटरकॉमवरून अकाउंट्सला सांगितलं की आज सगळ्यांनी लवकर घरी जा. निम्म्या लोकांनी पिशव्या उचलल्या. तू मला जिन्यात धरलंस. मला वाटलं, गेली नोकरी.

"साहेब असे बोलतात?"

"चुकलो मॅडम."

"चुकलास कुठे? डिट्टो काढलास. पत्रकाराचा आवाज येतो?"

"कुठल्या?"

"कुठल्या पण. घाईत असलेल्या."

मी काढला. तू हसली नाहीस. म्हणालीस, "उद्यापासून अर्धा दिवस माझ्याकडे ये. आणि ताई म्हण. मॅडम म्हटलं की मला वाटतं माझ्यामागे दुसरंच कोणीतरी उभं आहे."

तेव्हापासून मी तुझा पोपट. डिपार्टमेंटमध्ये आपण दोघंच. तू संकटं येऊ नयेत म्हणून धावायचीस आणि मी संकटांचे आवाज काढायचो. कोणाला न सांगता तू मला एका खोलीत बसवायचीस आणि मी मॅनेजर लोकांना फोन लावायचो. कधी पत्रकार, कधी नगरसेवकाचा पीए, कधी आत अडकलेल्या कामगाराचा भाऊ. तू शेजारी बसून कान देऊन ऐकायचीस. कोण घाबरला, कोण खोटं बोलला, कोणी दुसऱ्याचं नाव सांगून अंग काढलं. मग दहापैकी मार्क, आणि ते मार्क कँटीनच्या बोर्डवर. पर्चेसचे साहेब एकदा "राँग नंबर" म्हणून मोकळे झाले होते. तू शून्य दिलंस आणि खाली लिहिलंस, 'माणूस आत अडकलाय, नंबर बरोबर आहे.' ते महिनाभर कँटीनला आले नाहीत.

मॅनेजर लोकांना तू एकच गोष्ट घोकवून घ्यायचीस. आधी काय झालं ते सांगायचं. मग काय माहीत नाही ते सांगायचं. मग तोंड बंद. "खरं आपण पहिलं बोललो," तू म्हणायचीस, "की दुसऱ्याला खोटं बोलायला जागाच उरत नाही."

साहेब तुला दर वर्षी विचारायचे, "वृंदा मॅडम, एवढ्या वर्षांत... अं... काही झालेलं नाही. मग हे सगळं कशाला?" आणि तू म्हणायचीस, "काही झालं नाही ना साहेब, त्याचाच पगार घेते मी." मला हे तुझं वाक्य फार आवडायचं. आता आवडत नाही. काही होत नाही तेव्हा कोणाला दिसत नाही की कोणीतरी ते होऊ देत नाहीये. आणि झालं की सगळ्यांना फक्त तूच दिसतेस.

माझ्या सगळ्या पात्रांत भिंतीमागची मावशी माझी लाडकी. आपल्या मागच्या भिंतीला लागून जी बैठी चाळ आहे, तिथली कोणीतरी बाई. खरी कोणी नव्हती, मी बनवलेली. मध्येच खोकायची, मध्येच पोरावर ओरडायची, "ए सोन्या, आत हो," आणि मग रडकुंडीला येऊन सांगायची की तुमच्या कारखान्यातून वास येतोय, डोळे चुरचुरतायत. कारण आपलं सगळं थंड ठेवतो तो अमोनिया. पाइपात असेपर्यंत शहाणं बाळ. बाहेर सुटला की डोळे, घसा, छाती. मावशीचा फोन गेटवर पाटकरला जायचा. पाटकर बिचारा पहिल्यांदा इतका घाबरला की तिलाच म्हणाला, "तुम्ही फायर ब्रिगेडला कळवा ना." तीन मार्क. पुढे सहावर आला, सातावर आला. दहा त्याला कधीच मिळाले नाहीत. मला गेटवर अडवून विचारायचा, "अरे, ताईंना नक्की काय ऐकायचं असतं, सांग ना यार."

इथेच आपलं भांडण. मी म्हणायचो, ताई, तालमीच्या फोनला काहीतरी खूण ठेवूया. शेवटी एकदा 'तालीम' म्हणतो आणि ठेवतो.

"म्हणजे पुढच्या वेळी सगळे शेवटाची वाट बघत बसतील."

"मग आदल्या दिवशी सांग."

"आदल्या दिवशी सांगितलं की ती लग्नाची रिहर्सल. सगळे केस विंचरून येतात."

"लोक मला शिव्या घालतात गं."

"घालू देत. तुका काय भोकां पडतत?"

मला काही पुढचं दिसत होतं असं नाही, ताई. खोटं कशाला बोलू. जिन्यात शिव्या पडायच्या म्हणून मी म्हणत होतो. पण म्हणत होतो. आणि तू दर वेळी मला उडवून लावलंस. शेवटचं म्हणालीस, "गणपतीनंतर बघू." गणपती झाले.

दुसरं भांडण तुझं आणि साहेबांचं. कंप्रेसर रूममध्ये गॅस सुटला की वाजणारा सेन्सर मेलेला होता. दर सोमवारी मीटिंगमध्ये तू त्याचं नाव काढायचीस आणि मी मागच्या खुर्चीत बसून ऐकायचो. साहेब म्हणायचे, "पुढच्या क्वार्टरला बघू." लोक तुला मागून सेन्सरताई म्हणायला लागले. मी तुला तेही करून दाखवलं, पर्चेसवाल्यांच्या आवाजात. तू तेव्हा पण हसली नाहीस.

त्या दुपारी आपण कँटीनमध्ये होतो. तू डब्यातली कोलंबी माझ्या ताटात टाकत होतीस आणि मी नको नको म्हणत सरकवून घेत होतो. पाटकर आला. केबिन सोडून, हसत हसत.

"ताई, यावेळी दहापैकी दहा पाहिजेत हां. एकदम शांतपणे घेतला मी."

"काय घेतला?"

"मावशीचा फोन. 'तक्रार नोंदवली आहे, टीम पाठवतो,' सगळं बरोबर बोललो. शेवटी म्हटलं, ताईंना सांगा मार्क द्यायला. पण हा पोपट ना, आज खोकला नाही अजिबात, आवाज पण जरा..."

आणि मग त्याला मी दिसलो. तुझ्यासमोर बसलेला, तोंडात घास, माझा फोन तुझ्या डब्याच्या झाकणावर पालथा.

तू माझ्याकडे बघितलंस. ताई, तुझ्या एवढ्या ओरडण्यातलं काही मला आठवत नाही आता, ते बघणंच आठवतं. तुला सगळं एका क्षणात कळलं होतं. गॅसचं कळलं आणि आपल्या भांडणाचंही.

"टीम पाठवलीस?" तू पाटकरला विचारलंस, इतक्या हळू की मला वाटलं तू आजारी आहेस.

पाटकर मागे वळून गेटकडे बघायला लागला.

"सायरन दे. पोपट, भिंतीपलीकडे जा, पोरांना हायवेच्या बाजूला काढ. वारा बघ आधी." आणि तू निघालीस.

मी गेलो. पोरं काढली, म्हाताऱ्या काढल्या. फोन कोणी केला होता ते विचारायला वेळ नव्हता. परत आलो तोवर तू कंप्रेसर रूममध्ये जाऊन तिथे अडकलेल्या दिनेश फिटरला बाहेर आणलेलं होतंस. हवेची टाकी आणि मास्क स्टोअरमध्ये होते, दुसऱ्या टोकाला. तू ओला नॅपकिन बांधून गेलीस. तू, जिने आम्हाला प्रत्येक ट्रेनिंगला सांगितलं की टाकी लावल्याशिवाय जो आत जाईल तो हिरो नाही, दुसरा पेशंट आहे. सभेत सगळे म्हणाले किती शूर. मी मनात म्हणत होतो, किती मूर्ख. राग येतो गं मला तुझा. जिवंत माणसाचा यावा तसा येतो.

तू चालत बाहेर आलीस, पायरीवर बसलीस, दिनेशला पाणी द्या म्हणालीस. आम्हाला वाटलं, वाचलो. घाटकोपरच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हा गॅस उशिरा दाखवतो. पुढे तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि तुला बोलता येत नव्हतं. मी आलो तेव्हा तू बोटं हलवलीस. भावोजींना वाटलं पाणी मागतेयस. मला वाटलं, तू म्हणतेयस, आता काढ माझी नक्कल. मी काहीच काढलं नाही. तू काय म्हणत होतीस ते विचारायचं राहिलं. दिनेश आता चालतो-फिरतो. आवाज बसलाय त्याचा. तुझं नाव काढलं की उठून बाहेर जातो.

आता पुढचं ऐक, कारण हे तुला कोणी सांगणार नाही.

कंपनीने चौकशी लावली. मला बोलावलं, कारण तालमीचे फोन करणारा मी. आदल्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये चहा मागवला. माझ्यासाठी, ताई. कपबशीत. म्हणाले, "तू फक्त फोनचं सांग. मॅडम न सांगता तालमी घ्यायच्या, एवढंच. सेन्सर वगैरे... अं... टेक्निकल विषय आहे, तुझा नाही."

तिथून मी कन्नमवार नगरला तुझ्या घरी गेलो. भावोजी तुझे कपडे पिशवीत भरत होते, आणि भरलेले परत काढत होते.

"उद्या काय सांगणार?"

"झालं ते."

"सेन्सरचं सांग रे. फोनचं नको सांगू. तिचं नाव लागेल त्याला. बाकी काय राहिलंय तिचं, नावच ना?"

पाटकर मला गेटवर भेटला. त्याला उलटं पाहिजे होतं. "तालमीमुळेच गोंधळ झाला असं सांग, नाहीतर मी मेलो. माझी पोरगी बारावीला आहे." म्हणजे प्रत्येकाला अर्धंच पाहिजे होतं, आणि प्रत्येकाचं अर्धं वेगळं. मी आयुष्यभर ज्याला जो आवाज पाहिजे तो काढून दिला. पण तुझ्या बाबतीत मला कळेना कोणाचा काढू.

मी तुझ्या शिकवणीप्रमाणे बोललो. आधी काय झालं ते. न सांगता तालमी व्हायच्या, मावशीचा आवाज मी काढायचो, म्हणून खरा फोन खोटा वाटला. ताई चुकली, असंही म्हणालो. तू चुकलीसच ना. मग सांगितलं की सेन्सर बंद होता, दर सोमवारी ताई मागायची, दर सोमवारी तिला पुढचा क्वार्टर मिळायचा. तो वाजला असता तर कुठल्याही मावशीला फोन करावाच लागला नसता. मग काय माहीत नाही ते सांगितलं. मग तोंड बंद केलं. खुर्चीतून उठताना मला हलकं वाटलं. तुझे दहा मार्क पडले असं वाटलं, लाज वाटते लिहायला.

आठवड्यात गेटजवळच्या काचेच्या बोर्डवर नोटीस लागली. तुला तशीच्या तशी सांगतो, पाठ झालीये. 'पूर्वसूचना न देता घेण्यात येणाऱ्या तालमींमुळे प्रतिसादास विलंब झाला. संबंधित अधिकारी हयात नसल्याने पुढील कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही. कंप्रेसर रूममधील सेन्सर पाहणीवेळी चालू स्थितीत आढळला.' चालू असणारच. तू आयसीयूत होतीस तेव्हाच नवीन बसवला होता. इतके सोमवार अडलेलं काम एका सकाळीत झालं. माणूस आला, स्टूलवर चढला, चार स्क्रू पिळले, चहा पिऊन गेला.

पत्रकारांना साहेब स्वतः बोलले. शांतपणे, मुद्द्याचं, कोणाला दोष न देता. तू शिकवलं होतंस तसंच. आधी काय झालं ते, मग काय माहीत नाही ते. आवाजसुद्धा चढला नाही. तुला मार्क द्यावे लागले असते, ताई. इतकं झकास संकट-व्यवस्थापन आपल्या कंपनीत कधी झालं नव्हतं. तू सगळ्यांना खरं बोलायची पद्धत शिकवलीस, आणि त्यांनी फक्त पद्धत घेतली.

आता तालीम आधी सांगून होते. नोटीस लागते, घंटा होते, लोक चहा संपवून सावकाश मैदानात जमतात, कोणीतरी फोटो काढतं. मी मागत होतो तेच झालं. आपल्या भांडणात मी जिंकलो. बोर्डवरचे मार्क पुसले. पाटकरची नोकरी राहिली आणि मला त्याचं बरंच वाटतं, पण तो माझ्याशी बोलत नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते परत वाढवलं नाही. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्यात टॅलेंट आहे रे, टीव्हीवर ट्राय कर."

मी परत भावोजींकडे गेलो. नोटिशीचा फोटो त्यांना कोणीतरी पाठवलेला होता. दार उघडून तसेच उभे राहिले.

"ताई चुकली असं तू म्हणालास?"

"हो."

"सेन्सरचं?"

"तेपण बोललो, भावोजी. देवाशप्पथ बोललो."

"मग कुठेय ते?"

  तू होतीस ना म्हणणारी की खोट्याला जागा उरत नाही. उरते गं. मी जेवढं खरं बोललो तेवढ्यातूनच त्यांनी पाहिजे ते कापून घेतलं. मी खोटं बोललो असतो, फोनचं गिळलं असतं, तर कदाचित आज त्या काचेच्या बोर्डवरचा दोष तुझ्या नावावर नसता. मला हे तुला विचारायचंय आणि तू नाहीस. भावोजींनी दार लावलं. जोरात नाही. हळूच लावलं, तेच जास्त लागलं.

एकच माणूस राहिलं होतं. ज्याने फोन केला ते. म्हटलं, ती बाई माझ्यासोबत लेबर ऑफिसला आली, आणि म्हणाली की मी वेळेत कळवलं होतं, कारखान्यात काहीच वाजलं नव्हतं, तर कोणीतरी ऐकेल. म्हणून काल भिंतीमागे गेलो. विचारत विचारत सापडली. बारीकशी बाई, दारात मेथी निवडत बसलेली. माझ्या मावशीसारखी अजिबात नाही. आवाज हळू, एकसुरी, रडणं नाही, ओरडणं नाही. इतके महिने मी ज्या चाळीचा आवाज काढत होतो तिथे तसं कोणीच बोलत नाही.

"फोन मीच केला होता," ती म्हणाली. "तो माणूस हसला माझ्यावर. मार्क द्या म्हणाला. मला वाटलं प्यायलाय."

"गेटचा नंबर तुमच्याकडे कसा?"

"तुमच्या बाईंनी दिला होता. वृंदाबाई. घरी जाताना यायच्या अधनंमधनं. म्हणायच्या, आमच्या आत एक वस्तू बंद आहे, ती सुरू होईपर्यंत तुम्हीच आमचं नाक. वास आला की लाजू नका, फोन करा."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. सेन्सर देत नाहीत म्हणून तू एक बाई नेमली होतीस. तिने तिचं काम चोख केलं. आणि तिचा फोन आपण दोघांनी मिळून, इतक्या मेहनतीने, कोणाला खरा वाटणार नाही असा करून ठेवला होता.

मी तिला लेबर ऑफिसचं विचारलं. तिने मेथीच्या काड्या बाजूला केल्या.

"नको रे बाबा. आमची सून तुमच्याच पॅकिंगला आहे. आम्हाला इथेच राहायचंय, भिंतीला लागून."

मी बरं म्हणालो. काय म्हणणार. उठलो तर तिने विचारलं, "पण आता त्या बाई नाहीत. परत वास आला तर फोन कोणाला करू? गेटवर नाही करणार मी."

मी माझा नंबर सांगितला. तिने नातवाकडून तो फोनमध्ये घालून घेतला, परत एकदा म्हणून दाखवायला लावला, आणि मान वर करून म्हणाली, "तू कंपनीतलाच ना पण?"

ताई, मी हो म्हणालो.